यादीतला चौथा कीबोर्ड

मी तापट आहे हे माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात कळतं. बायकोला ते लग्नाच्या मांडवातच कळलं होतं. त्यामुळे तीन माणसांच्या समितीत दोन मतं माझ्या बाजूने पडली यात कुणी नवल वाटून घेऊ नये. त्यातलं एक मत माझंच होतं, आणि दुसरं माझ्या आवाजाला कंटाळून पडलेलं होतं.

समिती म्हटलं तरी ते काही मोठं प्रकरण नव्हतं. तंजावूरच्या ज्या कॉलेजात मी संगणक शिकवतो, तिथल्या लॅबमध्ये आम्ही तिघं शनिवारी सकाळी जमायचो. मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आणि पापनाशमच्या सरकारी शाळेतल्या एक टीचर. आम्ही लिनक्सचं एक डिस्ट्रिब्युशन बांधत होतो. लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली. तिच्यावर चालणारे हजारो प्रोग्राम आहेत. त्यांतले कुठले घ्यायचे आणि कुठले गाळायचे हे ठरवून एका पेनड्राइव्हवर मावेल असं जे गाठोडं तयार होतं, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. इथल्या कालव्याकाठच्या गावांत, शाळांतून आणि वाचनालयांतून, कुणी कुणी दान दिलेले जुने संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यांच्यावर चालेल असं, तमिळ बोलणारं, हलकं गाठोडं आम्हांला करायचं होतं.

सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. आधीपासून काय घालून द्यायचं? म्हणजे गाठोडं उघडल्याबरोबर, काहीही न मागता, माणसाला काय मिळालं पाहिजे? बाकीचं इंटरनेटवरून हवं तेव्हा घेता येतंच. पण जे आधीपासून असतं तेच बहुतेक माणसं वापरतात आणि जे नसतं ते या जगातच नाही असं समजून चालतात. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. मुलं ते उतरवून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं लिहून मार्क मिळवतात.

इंजिनिअरसाहेबांना यादी छोटी हवी होती. यादी एका नजरेत मावली पाहिजे, खाली सरकवावी लागली की माणूस घाबरतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटायचं. पत्रं लिहायला एकच प्रोग्राम, चित्रं काढायला एकच, खेळ दोन. खेळांवरून तीन शनिवार गेले. एकदा तर मी खडू आपटून बाहेर निघून गेलो आणि कँटीनमध्ये कॉफी पिऊन, राग संपल्यावर, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसलो. टीचरनी फक्त विचारलं, "कॉफी बरी होती का, सार?"

मग कीबोर्डांची पाळी आली.

संगणकावर तमिळ लिहायच्या तऱ्हा अनेक आहेत. अक्षर तेच, पण ते कुठल्या कळेवर बसतं हे प्रत्येक तऱ्हेत वेगळं. शाळेत आता मुलांना शिकवतात ती नवी मांडणी एक. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायची दुसरी. आणि तिसरी म्हणजे जुन्या तमिळ टाइपरायटरची मांडणी, सरकारी कचेऱ्यांतल्या टाइपिस्टांच्या बोटांत बसलेली. यादीत इंग्रजी धरून या चार होत्या. त्यात मला पाचवी घालायची होती, देवनागरी.

याचं कारण सांगायला हवं. आमचं घराणं भोसले राजांच्या काळात इकडे आलं. आम्ही घरात मराठी बोलतो. मात्र ही जी मराठी मी आत्ता लिहितो आहे ती मी पुण्यात कॉलेजला असताना शिकलो, घरची वेगळी आहे. घरच्या मराठीत तमिळचा सूर आहे, भांड्याकुंड्यांची आणि खाण्यापिण्याची नावं निम्मी तमिळ आहेत आणि बरेच जुने शब्दही आहेत, जे ऐकून पुण्यातले माझे मित्र पोट धरून हसायचे. देवनागरी आमच्यात फारसं कुणाला वाचता येत नाही. राजवाड्यातल्या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांची कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या मराठी माणसाला दुकानावरची मराठी पाटी लावून दाखवली तर तो ती हिंदी समजेल. पुण्याहून परत आल्यापासून ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. आपल्या गावात बांधलेल्या गाठोड्यात आपली लिपी न मागता मिळाली पाहिजे, असा माझा हट्ट होता.

"कोण वापरणार, सार?" टीचरनी विचारलं. त्या तमिळमध्ये हळू बोलतात, पण विचारायचं ते विचारतातच.

"असेल तर वापरतील. नसेल तर कधीच वापरणार नाहीत."

"पाच होतात," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "पाच नकोत. चार."

म्हणजे एक जायला हवा. मी जराही न थांबता म्हणालो, जुना टाइपरायटर काढा. ती मांडणी मरायलाच टेकली आहे, जे वापरतात ते निवृत्त होत आले. नव्या मुलाने चुकून ती निवडली तर त्याची सगळी अक्षरं भलतीच उमटतील आणि तो संगणकाला नावं ठेवील.

टीचर म्हणाल्या, "आमच्या शाळेतला क्लार्क त्याच्यावरच लिहितो, सार. काढू नका."

"त्याला हवा असला तर एका ओळीची आज्ञा द्यायची, अर्ध्या मिनिटात बसतो. मागेल तेव्हा देऊ की."

"तो मागणार नाही."

"का नाही मागणार? तोंड नाही का त्याला?"

इंजिनिअरसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात वर केला. दोन विरुद्ध एक. त्या मांडणीची फाइल इतकी लहान होती की पडद्यावर लावायला आम्ही जे इथल्या मोठ्या देवळाचं चित्र घातलं त्यात तसल्या शंभर मावल्या असत्या. जागेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त यादी नीटनेटकी दिसण्याचा होता, आणि माझ्या हट्टाचा.

आता आत्याबद्दल.

माझी आत्या तालुका कचेरीत तमिळ टाइपिस्ट होती. तीस वर्षं तिने दुसऱ्यांचा मजकूर टाइप केला. जमिनीचे दावे, बदल्यांचे हुकूम, पूर आला की नुकसानीच्या याद्या. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. आमच्या जुन्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. मी पुण्याला गेलो तेव्हा माझ्या पाठीशी उभी राहिली ती तीच. मी तिचा लाडका भाचा होतो, आणि लाडका असल्याचा जेवढा फायदा घेता येतो तेवढा मी घेतला.

ती निवृत्त झाल्यावर मी तिला एक संगणक नेऊन दिला. वेळ जावा, एवढाच हेतू. तेव्हाच्या त्या संगणकावर जुना टाइपरायटर होता, आणि तो तिने स्वतः शोधून काढला. महिनाभराने गेलो तर बाई ताठ पाठीने, दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसलेल्या, नजर पडद्याकडे नाही, कीबोर्डकडेही नाही, समोरच्या भिंतीकडे, आणि बोटं चाललेली. कळा अशा आपटायची की दोन कळा मला बदलून द्याव्या लागल्या.

"आत्या, हा कीबोर्ड आहे, उखळ नाही," मी म्हणायचो.

"हात तसाच पडतो रे. काय करूं?"

ती लिहीत होती ते मराठी होतं. आमच्या घरची मराठी, तमिळ अक्षरांत. तिला दुसरी अक्षरं येतच नव्हती. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर आहे, त्यामुळे ते डोळ्यांनी वाचताना काही लागत नसे. मोठ्याने वाचलं की मात्र कान ओळखायचे, आणि एकदम घरातलं कुणीतरी बोलायला लागायचं. कुठल्या लोणच्यात मीठ कधी घालायचं. कुणाच्या लग्नात कोण रुसलं आणि मग काय देऊन समजूत काढली. तिची आई चूल पेटवताना काय पुटपुटायची. कुठल्या नातेवाइकाला आम्ही घरात कुठल्या टोपणनावाने ओळखायचो आणि का. तिला एकदा विचारलं की हे वहीत का लिहीत नाहीस, तर म्हणाली, "पेन धरला की मज कांहीं सुचत नाहीं. बोटं चालली की सुचतं."

मला ते आवडायचं आणि त्याचा रागही यायचा. मराठी ती, आणि या वेषात! मी तिला चिडवायचो की आत्या, तू मराठीला मद्रासी वेष्टी नेसवून बसवलीस. ती हसायची. मी मनातल्या मनात म्हणायचो, हिला एकदा देवनागरी शिकवली की हे सगळं नीट होईल.

तर आमचं गाठोडं तयार झालं, आणि पहिल्यांदा ते कुठे बसवायचं यावर मला विचारही करावा लागला नाही. एका रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन आत्याकडे गेलो. तिच्या फाइली काळजीपूर्वक बाजूला ठेवल्या, जुनी प्रणाली पुसली, नवी घातली, फाइली परत आणल्या. एकही हरवली नाही, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! बरोबर देवनागरी अक्षरांचे छोटे स्टिकर आणले होते. ते एकेका कळेवर स्वतःच्या हाताने चिकटवले. मग मोठ्या देवळाचं चित्र उघडून दाखवलं, देवनागरी कीबोर्ड चालू करून दाखवला आणि तिचं नाव लिहून दाखवलं.

"हें माझं नांव?" तिने विचारलं. बराच वेळ बघत राहिली. "सुंदर दिसतंय रे."

"आता तू अशीच लिहायचीस. मी शिकवतो."

"सरि," ती म्हणाली. सरि म्हणजे तमिळमध्ये बरं. मग थोड्या वेळाने, "तमिळ आहे ना यांत?"

"आहे की. शाळेत शिकवतात ते."

"मग झालं. तूं इतकं जिवाला लावून आणलास, चांगलंच असेल."

मला खरंच कळलं नाही. हे मी आज स्वतःचा बचाव म्हणून सांगत नाही, त्यात बचाव कसला. जुना टाइपरायटर हे माझ्या डोक्यात कचेरीतल्या तमिळ क्लार्कांचं काम होतं, आणि आत्या ही माझ्या डोक्यात मराठी होती. आमच्या घरची मराठी त्या जुन्या तमिळ टाइपरायटरमध्येच राहते आहे, दुसरीकडे कुठेही नाही, हे इतकं समोर दिसत असूनही मला दिसलं नाही. मराठीसाठी जागा करायची म्हणून मी तिचंच घर पाडलं, आणि वर स्टिकर लावले.

तीन रविवार मी तिला शिकवायला गेलो. ती पाटीवरच्या मुलासारखी एका बोटाने अ शोधायची, आ शोधायची. जी बाई भिंतीकडे बघत पानं भरायची ती मान खाली घालून कळा चाचपायची, आणि सापडली की माझ्याकडे बघायची. मी शाबास म्हणायचो. चौथ्या रविवारी परीक्षेचे पेपर तपासायला आले, पाचव्याला लग्न होतं, आणि मग माझं जाणं फोनवर आलं.

"आत्या, लिहितेस ना?"

"डोळे दुखतात रे."

मी काय केलं असेल? तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि डोळे उत्तम आहेत म्हणाले. तरी मी हट्टाने नवा चष्मा करून घेतला. पुढच्या फोनवर ती म्हणाली, पाठ दुखते. मी चांगली खुर्ची पाठवली. त्यानंतर तिने काही कारण सांगितलं नाही, आणि मीही विचारायचं थांबवलं. कधी गेलोच तर संगणकावर धुतलेलं उपरणं टाकून ठेवलेलं असायचं. म्हातारपण, मी मनाशी म्हणायचो. उत्साह ओसरला.

तिकडे आमचं डिस्ट्रिब्युशन चाललं होतं छान. गावोगावच्या शाळांत बसलं. एका परिसंवादात मी त्यावर भाषण केलं, पडद्यावर यादी दाखवली आणि देवनागरीवर बोट ठेवून आपल्या गावाच्या इतिहासाबद्दल पाच मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. देवनागरी कीबोर्ड वापरणारा आमच्या त्या सगळ्या संगणकांवर माझ्या माहितीत एकच माणूस होता, आणि तो मीच.

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी दूधवाल्याला आत्या उंबऱ्यात पडलेली सापडली. पक्षाघात होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला, आणि वाचा गेली. अगदीच गेली नाही. "आं" म्हणते, "नको" म्हणते, कधी माझ्या वडिलांच्या नावाने मला हाक मारते. समजतं सगळं. हसण्याच्या ठिकाणी हसते, वाकड्या तोंडाने. मी तिला माझ्या घरी आणलं.

डॉक्टर म्हणाले की तिच्याशी बोलत राहा, ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा. तेव्हा मला तिच्या फाइली आठवल्या. तिचा संगणक मी गल्लीतून उचलून आणला, सुरू केला. माझ्या त्या रविवारपर्यंतच्या फाइली व्यवस्थित होत्या. त्यानंतरच्या तारखांच्या सात फाइली मात्र खराब झालेल्या दिसल्या. प्रत्येकीत एक-दोन ओळी, तमिळ अक्षरं, पण एकाचाही शब्द होत नव्हता. नुसता कचरा. पुसूनच टाकणार होतो.

मग माझ्या लक्षात आलं. त्या फाइली खराब झालेल्या नव्हत्या. तिने भिंतीकडे बघत, जुन्या टाइपरायटरच्या हाताने टाइप केलं होतं, आणि खाली शाळेतली नवी तमिळ मांडणी होती. तिची बोटं अचूक होती. कळेखाली अक्षर भलतं होतं.

हे उलटं फिरवणं सोपं असतं. कुठल्या कळेवर आधी काय होतं आणि नंतर काय आलं, ते दोन्ही तक्ते माझ्याकडे होते. वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. सातही फाइली उलगडल्या. सातही फाइलींत एकच वाक्य होतं. सात वेगवेगळ्या दिवशी तिने तेच वाक्य लिहायला घेतलं होतं, संपवल्यावर मान वळवून पडद्याकडे पाहिलं असणार, आणि थांबली असणार.

वाक्य असं होतं: माझ्या आईस फार राग आला म्हणजे ती काय म्हणत होती तें आतां लिहितें.

आणि पुढे काही नाही. सातांपैकी एकीतही नाही.

माझी आजी मी पाळण्यात असतानाच गेली. तिच्या रागाबद्दल घरात अजून बोलतात, आणि माझा राग तिच्यावर गेला आहे असंही म्हणतात. ती रागावली की काय म्हणायची, हे माहीत असलेलं या जगात एकच माणूस उरलं आहे. ते माझ्या पुढच्या खोलीत खाटेवर बसून "आं" म्हणत होतं.

तिने का सांगितलं नाही, यावर मी बायकोकडे चिडचिड केली. एक शब्द बोलली असती तर! बायको म्हणाली, "तुम्ही कधी ऐकून घेण्यासारखे दिसलात?" मग थोडी नरमून म्हणाली, "त्या कचेरीत नोकरी केलेल्या. साहेबांनी टेबलावर जे मशीन ठेवलं त्यावर काम करायचं. हे नको, ते द्या, असं त्यांनी जन्मात कधी म्हटलंय?" ते खरं होतं. आधीपासून घालून दिलेलं म्हणजे आम्हां लोकांच्या लेखी एक सूचना. पटलं नाही तर बदला. आत्याच्या लेखी तो हुकूम होता, आणि तो तिच्या भाच्याच्या हातून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी बसने पापनाशमला गेलो. टीचर शाळेच्या व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण "मी म्हटलं होतं" असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, तुमच्या क्लार्कने शेवटी काय केलं?

"हाताने लिहितो, सार. दोन वर्षं झाली. सगळे रिपोर्ट हाताने लिहून बाहेरच्या दुकानात टाइपिंगला देतो."

"आणि मागितलं नाही?"

"नाही."

आतल्या खोलीत तो बसलेला होता, पन्नाशीचा, गंध लावलेला माणूस. मी त्याच्या संगणकावर ती एका ओळीची आज्ञा दिली. जुना टाइपरायटर बसला. त्याने बोटं कळांवर ठेवली, एक ओळ लिहून पाहिली आणि उभा राहून मला नमस्कार करू लागला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. त्या नमस्काराने मला जेवढी लाज वाटली तेवढी कुणाच्या शिव्यांनीही वाटली नसती.

शनिवारी समितीत मीच मांडलं की जुना टाइपरायटर परत यादीत घ्यायचा, न मागता मिळणाऱ्यांत. इंजिनिअरसाहेब म्हणाले, मग देवनागरी काढायची का? मी काढा म्हणालो. टीचर म्हणाल्या, राहू द्या दोन्ही, पाच असले तर कुणी मरत नाही. पाच घेतले. यादी पडद्यावर व्यवस्थित मावली.

त्या दुपारी घरी येऊन मी आत्याच्या संगणकावर जुनी मांडणी घातली. स्टिकर एकेक करून नखाने काढले. गोंद राहिला होता, तो तेलाने पुसला. आत्याला खुर्चीत बसवून तिच्यासमोर कीबोर्ड ठेवला आणि म्हणालो, "आत्या, तुझा टाइपरायटर परत आणलाय. जुनाच. बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून कळांवर ठेवला. बोटं आपोआप आपापल्या जागी बसली. एक कळ दाबली, पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग ती भिंतीकडे बघून लिहायला लागली. डाव्या हाताने, नेहमीच्या वेगाने, तशाच कळा आपटत. मध्ये मध्ये हात थांबायचा, अगदी मोजून थांबल्यासारखा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. लिहिता लिहिता तिला हसू यायला लागलं. वाकड्या तोंडाने ती खुदुखुदु हसत होती, खांदे हलत होते. तिच्या आईचं ते रागावणं काहीतरी भलतंच मजेदार असलं पाहिजे. तीन ओळी झाल्या. तिने हात काढला आणि मी हसतो का ते बघायला माझ्याकडे वळली.

मी पडद्याकडे पाहिलं. टाइपिस्टचे शब्द दोन हातांत वाटलेले असतात. निम्मी अक्षरं डाव्या हाताची, निम्मी उजव्याची. डाव्या हाताने आपली सगळी अक्षरं चोख लिहिली होती आणि उजव्याच्या प्रत्येक अक्षरासाठी तो तेवढा थांबला होता. पडद्यावर नुसती सुटी अक्षरं होती. मी ती मनात वाचली, मोठ्याने वाचली, पुन्हा वाचली. कानांना काही लागलं नाही. न उमटलेली अक्षरं परत आणतील असे तक्ते नव्हते आणि तसा प्रोग्रामही नव्हता.

मी हसलो. जमेल तेवढ्या मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "आजी भलतीच होती गं."

आत्याचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, त्या ओळींवरून डोळे सावकाश फिरवले. तिला वाचता येत होतं, तिचे डोळे उत्तम होते. मग तिने डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात उचलला आणि कीबोर्डवर आणून ठेवला. त्याचं एकेक बोट धरून त्याच्या त्याच्या कळेवर लावलं, करंगळीही सरळ केली. मग डावा हातही आपल्या जागी ठेवून, पाठ ताठ करून, ती भिंतीकडे बघत बसली. उजव्या हाताची पाळी होती, आणि ती त्याच्यासाठी थांबली होती. मी तिच्या शेजारी बसून होतो. बायकोने हाक मारेपर्यंत आम्ही दोघंही तसेच थांबलो.